खुशालरावांचं चालणं

डॉक्टरांनी खुशालराव गावंडेंना रोज चालायला सांगितलं. खुशालरावांनी मान डोलावली, गोळ्यांची पिशवी उचलली आणि दवाखान्याच्या दारातूनच ऑटो करून घरी आले. घर हाकेच्या अंतरावर होतं. पण ऑटो समोर उभा होता, आणि बसू नये असं ठरवायला जेवढा हुरूप लागतो तेवढाही या माणसाजवळ नव्हता.

साखर वाढलेली, गुडघे आखडलेले, पोट सुटलेलं. अमरावतीच्या पाटबंधारे खात्यात जन्मभर टेबलाशी वाकून त्यांनी कालव्यांचे नकाशे काढले होते. निवृत्तीनंतरची काही वर्षं बरी गेली, आणि मागच्या दिवाळीच्या तोंडावर गोदाबाई, म्हणजे त्यांची बायको, दोन दिवसांच्या तापाने गेली. तेव्हापासून ते खुर्चीत बसून होते. दुःखाने खचले म्हणावं, तर तसंही दिसत नव्हतं. रडले नाहीत, जेवण टाकलं नाही, झोप लागायची. दाढ काढताना इंजेक्शन देतात आणि मग गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं साऱ्या अंगाचं झालं होतं. दुखत नव्हतं ही चांगलीच गोष्ट होती. पण दुसरंही काही होत नव्हतं.

एकुलती एक मुलगी प्रणाली अकोल्याला दिलेली. तिथे एका शाळेत शिकवायची. आई होती तोवर तिचा फोन आला की खुशालराव ‘हॅलो’ म्हणायचे आणि फोन स्वयंपाकघरात नेऊन द्यायचे. आता नेऊन द्यायला कोणी नव्हतं, आणि बापलेकीला एकमेकांशी बोलायची सवय नव्हती. त्यामुळे डॉक्टरांचं ते चालणं दोघांनाही बरं सापडलं. रोज दिवेलागणीला तिचा फोन यायचा, ती विचारायची, आज चालले का, हे सांगायचे चाललो, आणि दोघंही सुटायचे.

त्या दोघांच्या मधे एक गोष्ट अडकून पडली होती. वऱ्हाडात सरण पेटलं की लोक लगेच घराकडे वळत नाहीत. स्मशानातल्या शेडखाली बसतात, कोणीतरी जाणता उभा राहून शोकसभा चालवतो, नात्यातले, गावातले, खात्यातले लोक एकेक करून ‘दोन शब्द’ बोलतात, मग सगळे उभे राहून शांत राहतात आणि पांगतात. गोदाबाईंच्या वेळी चार जण बोलले. चौघांनीही त्या मनमिळाऊ होत्या असं सांगितलं. मग कोणीतरी खुशालरावांकडे बघितलं, त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. प्रणाली तिथेच उभी होती. आईला अग्नी तिनेच दिला होता.

तेरवी झाली, पाहुणे गेले, तेव्हा तिने बापाला समोर बसवून विचारलं, "बाबा, तुमाले आईचं काईच वाटलं नाई का?"

खुशालरावांनी प्रामाणिकपणे आत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "माईत नाई."

दुसरं कुठलंही उत्तर तिने चालवून घेतलं असतं. खोटंसुद्धा चाललं असतं. पण माणूस आयुष्यभर नकाशे काढत आलेला, नसलेली रेघ ओढायची सवय नव्हती. जाताना प्रणालीने एवढंच सांगितलं, की वर्षश्राद्धाला चार लोक जमतील तेव्हा तुम्ही आईबद्दल बोला. लोकांचं ऐकून झालं, मला तुमचं ऐकायचं आहे. ते बरं म्हणाले. त्या दिवशीही आपण गप्प राहिलो तर पोरगी फोन करीत राहील, पण आपली राहणार नाही, हे त्यांना कळत होतं. बधिर माणसालाही एवढं कळतं.

बोलायला वर्ष होतं, चालायचं होतं उद्यापासून. पहिल्याच सकाळी फाटकाबाहेर पाय टाकला तर शेजाऱ्याने विचारलं, कुठं निघाले? आपल्याकडे हा नमस्कारच असतो, पण त्याला उत्तर द्यावं लागतं. कुठंच नाही, नुसता चालतो, असं धडधाकट माणसाने कसं सांगायचं? खुशालराव म्हणाले, दूध आणाले. मग दूध आणावं लागलं. घरात दूध होतंच, ते नासलं. दुसऱ्या दिवशी गिरणीत जातो म्हणाले आणि हातात डबा नव्हता. तिसऱ्या दिवशी छत्री तलावावर ऑटोने गेले. तिथे बूट घातलेली मंडळी हात हलवत गोल फिरत होती, आणि जिथून निघाली तिथेच परत येत होती. खुशालराव बाकावर बसले, सगळ्यांकडे बघितलं आणि ऑटोने घरी आले. संध्याकाळी फोनवर सांगितलं, चाललो.

असं खोटं महिनाभर खपलं. मग एका सकाळी त्यांच्या घरासमोरून एक तिरडी गेली.

मयत दिसली की उठून उभं राहावं, हात जोडावेत, चार पावलं सोबत जावं, ही घरची शिकवण. खुशालराव ओट्यावरून उठले, हात जोडले आणि चार पावलं गेले. चारची दहा झाली. कोपरा आला, तो वळून गेले. लोक बेताने चालत होते, त्यांच्या गुडघ्यांना झेपेल असं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी, की कोणीही विचारत नव्हतं, कुठं निघाले. कुठे निघालेत ते सगळ्यांना ठाऊक होतं. स्मशानापर्यंत ते गेले, शेडखाली बसले, कधी न पाहिलेल्या एका कंपाउंडरबद्दल लोकांनी काढलेले गौरवोद्गार ऐकले, चालत परत आले, आंघोळ केली आणि दुपारी गाढ झोपले. संध्याकाळी प्रणालीने विचारलं तेव्हा ‘चाललो’ हे उत्तर पहिल्यांदाच खरं होतं.

आता कोणी म्हणेल, हे काय भलतंच. पण लोक चालण्यासाठी यंत्रं विकत आणून घरातल्या घरात धावतात, त्यांना आपण काही म्हणतो का? खुशालरावांनी पेपरातली निधनवार्तेची जागा वाचायला सुरुवात केली. अंत्ययात्रा कुठून, किती वाजता, ते बघायचं. जवळच्या मोहल्ल्यातली असली तर सोडून द्यायची, तेवढ्याने पाय मोकळे होत नाहीत. लांबची असली तर लवकर निघून तिथवर पायदळ, म्हणजे पायीच, जायचं आणि मग मयतीसोबत पायदळ स्मशानात. अडचण एकच होती, आजकाल पुष्कळ मयती मोटारीने जातात. गाडी बघितली की खुशालरावांचा चेहरा पडायचा, आणि घरच्या लोकांना वाटायचं, हा माणूस फारच हळहळतोय.

ते कोणाच्या घरी चहाला थांबले नाहीत, कोणाला खोटं नातं सांगितलं नाही. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, गंभीर तोंड. कोणी खांदा द्या म्हटलं की द्यायचे. ज्याने त्याने समजून घेतलं, की हे दुसऱ्या बाजूचे पाहुणे असतील. उन्हाळ्यात मयती सकाळीच निघू लागल्या, त्यांचीही सोय झाली. साखर उतरली, पोट आत गेलं. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, कोणत्या रस्त्याने जाता? खुशालराव म्हणाले, रोजचा वेगळा असतो. आत मात्र काही हललं नव्हतं. बायका ओरडून रडत, तरणी पोरं भिंतीला डोकं टेकून उभी राहत, आणि हे शेडखाली बसून दुसऱ्याच कोणाच्या घरचा रेडिओ ऐकावा तसं ते सगळं ऐकत.

गजेंद्र नावाचे एक निवृत्त मास्तर होते. शहराच्या त्या भागातली बहुतेक शोकसभा तेच चालवत. आवाज भरदार, कोण किती वेळ बोलेल याचा अंदाज पक्का. त्यांनी खुशालरावांचा चेहरा हेरून ठेवला होता. एका म्हाताऱ्या बाईच्या मयतीला बोलणारेच कमी पडले. गजेंद्र मास्तरांनी इकडे तिकडे बघितलं आणि जाहीर केलं, की आता हे वडीलधारे दोन शब्द बोलतील.

उठून काय सांगायचं? मी या बाईंना ओळखत नाही, मी चालायला आलो आहे, असं? समोर तिचा मुलगा नुकताच अग्नी देऊन उभा होता. खुशालराव उठले, आणि महिनोन्‌महिने ऐकलेलं सगळं तोंडातून आपोआप बाहेर आलं. बाई मनमिळाऊ होत्या. आल्यागेल्याला चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नसत. घरासाठी चंदनासारख्या झिजल्या. त्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली. पाच मिनिटं ते न अडखळता बोलले. मुलगा येऊन त्यांचे दोन्ही हात धरून हमसून रडला, म्हणाला, माझी माय तुम्हाला बरोबर कळली होती. खुशालरावांनी त्या हातांकडे बघितलं. ते ओले होते, एवढंच त्यांच्या लक्षात आलं.

पण घरी जाताना एक विचार आला. आपल्याला बोलता येतं. मग वर्षश्राद्धाचं काय अवघड आहे? त्यानंतर गजेंद्र मास्तरांनी बोलवलं की ते नाही म्हणेनासे झाले. हात बसवायला म्हणून बोलायचे. हळूहळू त्यांचं नाव झालं. लोक म्हणू लागले, गावंडे साहेब बोलतात त डोयाले पाणी येते.

रोज दुपारी मात्र खुर्चीत बसून ते मनात सुरुवात करायचे, ‘गोदाबाई मनमिळाऊ होत्या’, आणि गाडी तिथेच थांबायची. कारण गोदाबाई मनमिळाऊ नव्हत्या. नालीच्या पाण्यावरून शेजारणीशी त्यांचं चार वर्षं बोलणं बंद होतं. दूधवाले त्यांनी किती बदलले त्याची गणती नाही. दुपारी कोणी आलं तर दार अर्धंच उघडून, साहेब झोपले आहेत, असं साहेबांच्या देखतच सांगून टाकायच्या. जगातल्या कुठल्याही मेलेल्या माणसाला बसणारी वाक्यं खुशालरावांना पाठ झाली होती. ती या एकाच बाईला बसत नव्हती. वर्षश्राद्ध जवळ येत चाललं आणि ते पहिल्या वाक्यापुढे सरकले नाहीत.

वर्षश्राद्धाला महिना असताना अकोल्याहून जावयाचा, किशोरचा, फोन आला. त्याचे वडील, मोतीराम, पहाटे गेले. खुशालराव बडनेरा स्टेशनावरून मिळेल त्या गाडीने अकोल्याला पोचले. घर जुन्या शहरात, नदीच्या बाजूला, त्यामुळे मयत खांद्यावर निघाली. प्रणालीही चालत आली. तिचं सासऱ्यांवर मन होतं. रस्त्याने खुशालराव सवयीने सावकाश चालत राहिले, आणि मधे खांदाही दिला.

अग्नी दिल्यावर मंडळी शेडखाली बसली, आणि बोलायला कोण उभं राहावं? गजेंद्र मास्तर. मोतीराम मास्तरांच्या बायकोचे मामा निघाले. एकदोघं बोलून झाल्यावर त्यांना कोपऱ्यात खुशालराव दिसले आणि त्यांना भरून आलं. ते मोठ्याने म्हणाले, "हे आमच्या अमरावतीचे गावंडे साहेब. कोणाचीही मयत असो, ओळख असो नसो, हा माणूस हजर. अन् बोलतात असे, का दगडाले पाझर फुटते. अमरावतीत विचारा कोणालेही."

सगळ्यांनी वळून बघितलं. प्रणालीनेही. खुशालराव उठले, कारण नाव घेतल्यावर उठायची आता सवय झाली होती. मोतीरामांची आणि त्यांची भेट वर्षातून एकदा व्हायची. दोघं समोरासमोर बसून चहा प्यायचे आणि पाऊसपाण्याचं विचारून उठायचे. पण शब्द आले, एकामागून एक, घरंगळत. मनमिळाऊ आला, चंदन आलं, पोकळी आली. किशोर रडला. मागे बसलेल्या म्हाताऱ्यांनी दुपट्टे डोळ्यांना लावले. प्रणालीचे डोळे कोरडे होते, ती बापाकडे टक लावून बघत होती.

परतताना लोक दोघंचौघं करून पुढे निघाले. किशोर त्याच्या काकांबरोबर होता. प्रणाली मागे राहिली आणि बापाच्या शेजारी चालू लागली. तिने विचारलं, किती लोकांच्या मयतीला गेले तुम्ही? खुशालरावांनी सगळं सांगून टाकलं. फाटकावरचा शेजारी, नासलेलं दूध, तलाव, घरासमोरून गेलेली ती पहिली तिरडी, पेपर, गजेंद्र मास्तर. लपवण्यासारखं त्यांना त्यात काही वाटलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चाललो, म्हणाले.

ती रस्त्यात थांबली.

"डॉक्टरनं चालाले सांगतलं, मयतीत जाले नाई सांगतलं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण धार होती. "जगाच्या मायसाठी भाषणं ठोकून राहिले तुमी, अन् माह्या मायसाठी तोंडाले कुलूप? थोडी लाज वाटाले पायजे माणसाले. वर्षश्राद्धाले बोलू नका तुमी. ते मनमिळाऊ अन् चंदन मले नाई पायजे. बसून राहा गुपचाप." तिने दम घेतला, पण थांबली नाही. रागाला आता वाट सापडली होती, आणि समोर जे दिसेल ते ती बोलत सुटली. "अन् हा सदरा पा. गुंडी तुटेल हाय. अशाच सदऱ्यानं अमरावतीभर फिरून राहिले? चपलेचा अंगठा निघाला. घरात सुई नाई? मोची नाई गावात? का सगळं लोकाईनं सांगाव तेव्हा कराव?"

खुशालरावांना आधी वाटलं, ऊन लागलं. डोळ्यांपुढचा रस्ता हलला. मग घशातून काहीतरी आवाज आला, आणि तो आपलाच आहे हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. एका बंद दुकानाच्या पायरीला धरून ते उभे राहिले आणि लहान पोरासारखे रडले, नाक वाहेपर्यंत, लोक वळून बघेपर्यंत. दुखत होतं. छातीत, जबड्यात, गुडघ्यांत, सगळीकडे एकदम दुखत होतं.

प्रणाली घाबरली. जवळ येऊन त्यांचा दंड धरला आणि म्हणाली, की बाबा, मी रागात बोलून गेले, मनावर घेऊ नका.

"थांबू नको," खुशालराव म्हणाले. "अजून बोल."

तिला समजलं नाही. त्यांनी बाहीने नाक पुसलं आणि तुटक तुटक सांगू लागले.

"दिवाळीपासून मले कोणी रागावलं नाई. तुही माय मनमिळाऊ नवती, पोरी. ते लोकं खोटं बोलत होते. तिनं मले उभ्या जन्मात एक घडी धड बसू देलं नाई. मीठ आणा, पीठ आणा. आणलं का चुकीचं आणलं, परत करून या. दिवसातून दहादा बाजारात धाडे. मी कधी चालाले गेलो नाई, तुही माय चालवे मले. आता दिवसभर खुर्चीत बसून असतो, त कोणी ऊठ म्हनत नाई." ते थांबले. "हे लोकाईपुढं कसं सांगू? बायको तोंडाची कडक होती, अन् मले तेच पायजे, असं सांगू?"

प्रणालीने त्यांचा दंड सोडला नाही. सरणापाशी ते चौघं मनमिळाऊ म्हणाले, तेव्हा तिच्या मनात आलं होतं, ही कोणाची आई? मग ती वर्षभर वाट बघत राहिली, की कोणीतरी तिची आई तिला परत आणून देईल.

"हेच सांगा," ती शेवटी म्हणाली.

"लोकं हसतीन."

"हसू द्या. हसले तेवढे त खरे असतीन."

पुढचे लोक बरेच लांब गेले होते. किशोर वळणाशी पोचला होता. प्रणालीने पदराने तोंड पुसलं, बापाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "असे उभे काय राहिले? जा, जवायाले सांगा, थांब म्हना, संग जाऊ. अन् डोये पुसा आधी. बाहीनं नाई, रुमालानं."

खुशालरावांनी दोन्ही खिसे चाचपले. रुमाल नव्हता. त्यावरूनही तिने ऐकवलंच, आणि ते ऐकत ऐकत खुशालराव जावयाला गाठायला भराभर निघाले.